५३-एन क्रमांकाची बाटली

चौकशी अहवाल लिहिणे हे शासकीय सेवेतील असे काम आहे की ज्याचे प्रशिक्षण फारसे कोणी देत नाही आणि जे सहसा कोणाला चुकतही नाही. आदेशात बहुधा एकच वाक्य असते : सदर घटनेची कारणे शोधून जबाबदारी निश्चित करावी. या एका वाक्यात दोन निरनिराळी कामे दडलेली असतात. कारण शोधणे हे संशोधकाचे काम, जबाबदारी निश्चित करणे हे न्यायाधीशाचे. दोन्ही एकाच माणसाने, एकाच मुदतीत करायची असल्यामुळे आपण पुष्कळदा उलट्या दिशेने चालू लागतो. प्रथम जबाबदार माणूस डोळ्यांसमोर येतो. मग त्याच्या हातून घडलेल्या गोष्टींपैकी एखादी उचलून तिला 'कारण' हे नाव दिले जाते.

विज्ञानात कार्यकारणभाव कसा ठरवावा, कोणता पुरावा पुरेसा मानावा, याविषयी अर्थशास्त्राच्या वर्गात थोडेफार शिकलो होतो. परंतु त्याचा खरा धडा मिळाला तो शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा एका भारतीय प्रकरणातून. लहानपणी मुंबईत नातेवाइकांकडे जाताना परळला हाफकिन संस्थेची पाटी दिसे. सर्पदंशावरील औषध आणि लसी तेथे तयार होतात, एवढेच तेव्हा ठाऊक होते. ज्या माणसाचे नाव त्या पाटीवर आहे, त्याला एका चौकशी आयोगाने त्याच जागेवरून घालवले होते, हे फार उशिरा कळले. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती पाटी पाहिली असेल. तिच्यामागची कथा सांगण्यासाठी हा लेख.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असताना १८९२ मध्ये त्यांनी पटकीवर लस तयार केली व ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत, मोजक्या माणसांच्या मदतीने, तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती टोचून घेणारा पहिला माणूसही तेच होते.

ज्या वर्षी ही लस निघाली त्या वर्षाची स्मृती मराठी मनात निराळ्या कारणांनी ताजी आहे. त्याच मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्याच जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण यांनी लोक संतापले होते. अशा काळात एक परकीय माणूस सुई घेऊन समोर उभा राहिला, तर त्याच्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न सर्वथा रास्त होता. उत्तर पुराव्यानेच द्यावे लागणार होते.

हाफकिन यांचे थोरपण लशीइतकेच त्या पुराव्याच्या मांडणीत आहे, असे मला वाटते. 'टोचून घेतलेले हजार लोक जगले' हा पुरावा नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. ते हजार जण मुळातच धडधाकट असतील, स्वच्छ वस्तीत राहत असतील, किंवा साथ त्यांच्या गल्लीत शिरलीच नसेल. म्हणून एकाच छपराखाली राहणारे, एकच अन्न खाणारे, एकाच धोक्यात सापडलेले दोन गट हवेत. फरक असावा तो फक्त टोचणीचा.

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. टोचणीच्या दिवशीच जे आजारी पडले त्यांना वेगळे मोजण्यात आले. पुढे न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांत २ जणांना झाला व कोणीही दगावला नाही. आकडे आशादायक होते, पण लहान. शिवाय जो स्वतःहून पुढे येतो तो इतरांसारखाच असतो काय, ही शंका उरतेच.

वर्षभराने, फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोद्याजवळील उंडेरा या गावी अधिक काटेकोर परीक्षा झाली. गावात प्लेग होताच. प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना टोचायचे व निम्म्यांना तसेच ठेवायचे, असे ठरले. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. या कुटुंबांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ मरण पावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ मरण पावले. मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहते, तर या ७१ पैकी २९ जण गेले असते. एकाच चुलीभोवती बसणाऱ्या माणसांत पडलेले हे अंतर दुसऱ्या कशानेही समजावून सांगणे कठीण होते. आजच्या दृष्टीने पाहता, निम्म्या घराला लशीविना ठेवण्याचा नैतिक प्रश्न येथे उभा राहतो. तो मी टाळू इच्छित नाही. परंतु लस तारते की मारते, हेच ज्या दिवसांत कोणाला निश्चित ठाऊक नव्हते, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे.

या विचारपद्धतीस आपल्याकडे जुनी नावे आहेत. न्यायशास्त्रात कारण असता कार्य असणे याला अन्वय म्हणतात. कारण नसता कार्य नसणे याला व्यतिरेक. कारणत्व सिद्ध होण्यास दोन्ही लागतात. नुसत्या अन्वयावर विसंबणारा माणूस काकतालीय न्यायाच्या जाळ्यात सापडतो : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. नैयायिकांनी याच्याही पुढे जाऊन 'अन्यथासिद्ध' अशी एक संज्ञा केली. घट होण्यापूर्वी कुंभाराचे गाढव हजर असते, माती तेच वाहून आणते. तरी गाढव हे घटाचे कारण नव्हे. कारण माती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आली असती तरी घट झालाच असता. जे कार्याच्या आधी हजर आहे ते सर्वच कारण नसते, ही गोष्ट या गाढवाइतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितली असेल असे वाटत नाही.

आता ज्या घटनेसाठी हा सारा प्रपंच, तिच्याकडे येतो.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली व हाफकिन तिचे प्रमुख झाले. मागणी इतकी वाढली की जुन्या रीतीने पुरेशी लस तयार होईना. तेव्हा त्यांनी पद्धत बदलली. पूर्वी लशीत जंतुनाशक म्हणून कार्बोलिक आम्ल मिसळत असत. नव्या पद्धतीत ते वगळून निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर संस्थेच्या परंपरेत ही रीत मान्य होती. १९०२ च्या हिवाळ्यात पंजाबात टोचणीची मोठी मोहीम निघाली आणि लशीच्या बाटल्या परळहून तिकडे रवाना होऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या फोडल्या गेल्या. आठवड्याभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला. जबडे जखडले, शरीरे धनुष्यासारखी वाकली आणि एकामागून एक सर्वच्या सर्व १९ जण मरण पावले. या साऱ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. तिच्यावर ५३-एन हा क्रमांक होता. उरलेल्या चार बाटल्यांतून ज्यांना टोचले, त्यांच्यापैकी कोणालाही काही झाले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स. सोबत दोन लष्करी वैद्यकीय अधिकारी. आयोगाची योग्यता कमी होती असे कोणी म्हणणार नाही. धनुर्वाताचे विष ५३-एन मधूनच आले, याविषयी वादही नव्हता. वाद होता तो एवढाच की ते बाटलीत केव्हा शिरले? परळला, बाटली भरताना. की मुल्कोवालला, बाटली उघडताना?

आयोगाने निष्कर्ष काढला की विष परळलाच शिरले. लशीतून कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक मानली गेली. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते विनावेतन रजेवर इंग्लंडला गेले.

या निष्कर्षामागची विचारसरणी आपल्या ओळखीची आहे. संस्थेच्या प्रमुखाने रूढ पद्धत बदलली. बदलानंतर अपघात झाला. म्हणून बदलामुळे अपघात झाला. वरवर पाहता या साखळीत एकही दुवा निसटलेला दिसत नाही. परंतु व्यतिरेकाचा प्रश्न विचारला की ती सुटू लागते. कार्बोलिक आम्ल वगळणे हे कारण असेल, तर ते ज्या ज्या बाटलीत वगळले होते तेथे काय घडले? त्या नव्या पद्धतीची लस हजारो लोकांना टोचली गेली होती आणि धनुर्वात झाला तो एकाच खेड्यात, एकाच दिवशी, एकाच बाटलीतून. म्हणजे इतर बाटल्यांत नसलेली अशी कोणती गोष्ट या बाटलीच्या वाट्याला आली होती, हे शोधणे आवश्यक होते.

अशी गोष्ट साक्षीपुराव्यात नोंदलेली होती. ५३-एन उघडण्यापूर्वी डॉक्टरांच्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीत न धरता कार्बोलिकच्या द्रवात केवळ खळबळून घेतला आणि त्यानेच बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू जमिनीत, विशेषतः शेणामातीत वास करतात, आणि त्यांची बीजे जंतुनाशक द्रवात क्षणभर बुडवल्याने मरत नाहीत. दुसरी गोष्ट वासाची. धनुर्वाताचे जंतू एखाद्या पोषक द्रवात वाढले की त्याला घाणेरडी दुर्गंधी येते. ही बाटली मुल्कोवालला पोहोचण्यापूर्वी ४१ दिवस आधी भरलेली होती. विष परळलाच शिरले असते, तर बूच काढताच वास आला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना असा कोणताही वास जाणवला नव्हता.

म्हणजे दोन पर्यायांपैकी एक पर्याय मानला, तर चार निर्दोष बाटल्या, न आलेला वास आणि पडलेला चिमटा या तिन्ही गोष्टी योगायोग म्हणून सोडून द्याव्या लागतात. दुसरा मानला, तर त्या आपोआप जागेवर बसतात. आयोगाने पहिला पर्याय स्वीकारला. कार्बोलिक आम्ल वगळणे हे या प्रकरणातील कुंभाराचे गाढव होते. घटनेच्या आधी ते हजर होते, सर्वांना दिसत होते, आणि म्हणूनच पकडले गेले.

असे का झाले असावे? हाफकिन इंग्रज नव्हते, वैद्यकीय पदवीधर नव्हते, आणि लष्करी डॉक्टरांच्या सेवेत एक उपरा म्हणून वावरत होते. पूर्वग्रहाचा भाग निश्चितच होता. पुढे काहींनी या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रेफस खटल्याशी केली. परंतु सगळा दोष पूर्वग्रहावर टाकला की आपण फार स्वस्तात सुटतो, कारण मग पूर्वग्रह नसलेल्या माणसाच्या हातून अशी चूक होणार नाही असे समाधान मिळते. खरी अडचण पुराव्याच्या स्वरूपात आहे. पद्धतीतील बदल कागदावर होता. त्याला तारीख होती, सही होती, अधिकारी होता. पडलेला चिमटा कोणत्याही फायलीत नव्हता. तो एका दुय्यम माणसाच्या आठवणीत होता. चौकशी करणाऱ्याला कागद दिसतो, माती दिसत नाही. ज्याची नोंद आहे ते कारण ठरते आणि जे कारण आहे त्याची नोंदच नसते.

हाफकिन स्वस्थ बसले नाहीत. लंडनच्या लिस्टर संस्थेतील तज्ज्ञांचे मतही त्यांच्या बाजूने झुकले. चौकशीचे कागद डिसेंबर १९०६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी, प्रसिद्ध झाले. ते बाहेर येताच सर रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिकंदराबादेत उलगडून नोबेल पारितोषिक मिळवलेले हेच ते रॉस. त्यांनी सारा पुरावा पुन्हा मांडला. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी 'द टाइम्स'ला पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप असिद्ध ठरल्याचे जाहीर केले. वर्षअखेरीस सरकारने त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली. परळची जागा मात्र मिळाली नाही. ते कलकत्त्यास गेले आणि १९१४ पर्यंत तेथे राहिले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

या पाच वर्षांत किंमत केवळ एका माणसाने मोजली असे नाही. मुल्कोवालच्या वार्तेने टोचणीवरचा विश्वास डळमळला आणि प्लेग तर थांबला नव्हता. एकट्या १९०७ सालात भारतात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा पंजाबचा होता. यांतील किती जण वाचले असते हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. ज्या प्रकारच्या निष्काळजी अनुमानावर हा लेख आहे, ते अनुमान मीच करणे शोभणार नाही. परंतु पडलेल्या चिमट्याला कारण मानले असते, तर उपाय सोपा होता : अवजार ज्योतीत धरा. हा धडा प्रत्येक टोचणी केंद्रावर तेव्हाच सक्तीने पोहोचायला हवा होता. चुकीचे कारण ठरवले की निरपराध माणूस शिक्षा भोगतो, हे आपल्याला दिसते. खरे कारण मोकळे राहते, हे दिसत नाही.

येथे आयोगाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९ माणसे मेल्यावर सरकारने शास्त्रीय वाद मिटेपर्यंत थांबावे, असे कोणी म्हणणार नाही. संशयित लस तत्काळ थांबवणे, जुन्या पद्धतीकडे तात्पुरते परतणे, हे योग्यच ठरले असते. सावधगिरीला संशय पुरतो. दोषनिश्चितीला तो पुरत नाही. पहिला निर्णय उद्या मागे घेता येतो. दुसरा माणसाच्या आयुष्यावर लिहिला जातो. प्रशासनात आपण हे दोन निर्णय एकाच टिपणीत, एकाच सहीने घेतो, आणि पहिल्यासाठी गोळा केलेल्या तुटपुंज्या पुराव्यावर दुसराही उरकून टाकतो.

इंग्लंडमध्ये १९१५ साली मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी विषमज्वर व पटकी यांवरील टोचणीच्या आकडेवारीची कठोर छाननी केली आणि तुलना केव्हा ग्राह्य धरावी याच्या अटी मांडल्या. ग्रीनवुड यांच्या परंपरेतील ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कार्यकारणभाव ठरवताना पाहण्याच्या नऊ बाजू सांगितल्या : संबंध किती बळकट आहे, निरनिराळ्या ठिकाणी तोच आढळतो काय, कारण आधी व कार्य नंतर आहे काय, इत्यादी. या नऊ बाजू म्हणजे पाठ करून खुणा करत जाण्याची यादी नव्हे, हे त्यांनीच बजावले होते. त्यांच्या लेखी खरा प्रश्न होता तो हा : समोरच्या तथ्यांचा याहून बरा दुसरा उलगडा आहे काय? आणि ज्ञान अपुरे आहे म्हणून आवश्यक कृती लांबणीवर टाकण्याची मुभा मिळत नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. सावधगिरी आणि निष्कर्ष यांतील भेद त्यांना नीट उमगला होता.

शेवटी एक कबुली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझी नेमणूक घरापासून फार दूर, ईशान्येकडे होती. एका गोदामातील धान्याची एक थप्पी पावसाळ्यात बुरशी लागून खराब झाली आणि चौकशी माझ्याकडे आली. लाकडी फळ्यांचा तुटवडा असल्याने भांडारपालाने महिनाभर आधी काही थप्प्या थेट जमिनीवर ताडपत्री अंथरून लावल्या होत्या. त्याची प्रामाणिक नोंद त्यानेच वहीत केली होती. तीच नोंद मी कारण म्हणून उचलली. अहवाल सुबक झाला, वरिष्ठांनी वाखाणला. भांडारपालाच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या.

दीड वर्षानंतर, बदलीपूर्वी, दुसऱ्याच कामासाठी ती वही माझ्या हाती आली. फळ्यांविना लावलेल्या थप्प्या एकूण चार होत्या. तीन उत्तम राहिल्या होत्या. चौथीचे धान्य ज्या मालडब्यांतून आले, ते आधीच्या स्थानकावर कित्येक दिवस पावसात उघड्यावर उभे होते. उतरवतानाच पोती ओलसर असल्याचा शेरा हमालांच्या मुकादमाने लिहिला होता. मी फेरविचाराची टिपणी पाठवली. तोवर भांडारपाल निवृत्त झाला होता; टिपणी फायलीला लावण्यात आली, एवढेच. त्या तीन चांगल्या थप्प्यांपासून माझे टेबल दोनशे पावलांवर होते. त्यांच्याकडे जाऊन पाहावे असे मला सुचले नाही, कारण चौकशी खराब थप्पीची होती.

तेव्हापासून माझ्याकडे चौकशी येते तेव्हा मी सहकाऱ्यांना प्रथम एकच माहिती मागवायला सांगतो : जेथे हीच चूक झाली आणि काही बिघडले नाही, अशा जागा कोणत्या? तरुण अधिकाऱ्यांना हा प्रश्न विषयाला सोडून वाटतो. अशा वेळी मी त्यांना मुल्कोवालच्या त्या उरलेल्या चार बाटल्यांची गोष्ट सांगतो.